केक एका कोपऱ्यात
मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला नुसता केकच असतो का, असं कुणीतरी विचारलंय. छे! आम्ही नाशिकला शरणपूरजवळ वाढलो. शेजारच्या मावशींकडून 25 डिसेंबरला ताट यायचं: करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि कोपऱ्यात केकचा तुकडा. आई ताट रिकामं परत करायची नाही, डिंकाचे लाडू ठेवायची. (मावशींची मुलं त्यावरच टपलेली असत.)

शरणपूर ही मिशनऱ्यांनी 19व्या शतकात वसवलेली वस्ती. आफ्रिकेत वारलेला ब्रिटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याच्या पार्थिवासोबत 1874 मध्ये इंग्लंडला गेलेला त्याचा आफ्रिकन सेवक जेकब वेनराइट नाशिकच्याच मिशन शाळेत शिकला होता. आम्हाला तेव्हा याचा पत्ताच नव्हता, आमचं लक्ष करंजीत. मावशींच्या करंज्या आईच्यापेक्षा खुसखुशीत असत, हे मात्र घरी कधी बोललो नाही.