स्मॅश सगळ्यात शेवटी
पॅडेल (काचेच्या भिंतींच्या कोर्टवरचा टेनिससारखा खेळ) खेळण्याआधी पोटऱ्या मिनिटभर ताणून धरा, असा सल्ला वॉर्म-अपच्या या चर्चेत कुणीतरी दिलाय. खेळून झाल्यावर ते ठीक आहे, आधी नको. इतका वेळ ताणलेल्या स्नायूचा जोर काही काळ उतरतो. त्याऐवजी 3-4 मिनिटं हलकं धावा, आडवी पावलं टाका, 15 वेळा टाचा उचला, मग चवड्यांवर छोट्या उड्या. लॉबसाठी (डोक्यावरून मागे जाणाऱ्या उंच चेंडूसाठी) गर्रकन मागे वळताना पोटरीला झटका बसू शकतो, म्हणून तशा दोन-चार धावा अर्ध्या वेगाने घ्याच.

खांद्याचं मात्र कुणी लिहिलं नाही. कोपर कमरेला चिकटवून व्यायामाचा रबर बँड 10-12 वेळा बाहेर ओढा. कोर्टवर आल्या आल्या स्मॅश मारू नका, प्लीज! आधी नेटजवळ हलक्या व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेले फटके), मग काचेवरून परतणारे चेंडू, लॉब, बांदेहा (डोक्यावरून मारलेला, पण स्मॅशपेक्षा हलका फटका), आणि त्यानंतरच स्मॅश, तेही निम्म्या ताकदीपासून.