मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये ट्राउट मासा नकली माशीकडे ढुंकूनही बघत नाहीये

नमस्कार मंडळी, डेन्वरला राहतो, फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासे पकडणं, यंदाच सुरू केलंय (लहानपणी आजोळी कोकणात गळाला गांडूळ लावून खाडीत बसायचो, तेवढाच अनुभव, तो इथे शून्य कामाचा). जूनअखेर रॉकी माउंटन नॅशनल पार्कात मोरेन पार्कला बिग थॉम्पसन नदीवर बऱ्यापैकी ब्राउन ट्राउट लागले होते, पण आता परवा गेलो तर पाणी एकदम कमी आणि काचेसारखं स्वच्छ, मासे समोर दिसतायत पण मी हात वर केला की लगेच पळतात. ५ वेटचा (मध्यम वजनाच्या दोरीचा) ९ फुटी रॉड आहे, ४एक्स टिपेट (माशी बांधायचा टोकाचा बारीक दोरा), १४ नंबरची एल्क हेअर कॅडिस (पाण्यावर तरंगणारी नकली माशी). एकजण म्हणाला आता टोळ आणि मुंग्यांचा सीझन, हॉपर (नकली टोळ) लाव आणि खाली दोनेक फुटांवर बारीक निंफ (पाण्याखाली राहणारी नकली अळी) बांध. पण एवढ्या उथळ पाण्यात हॉपर धपकन पडला तर मासे बिथरणार नाहीत का? की सरळ ६एक्सवर (अजून बारीक दोऱ्यावर) १८ नंबरची, म्हणजे अजून लहान, नकली मुंगीच लावू?

दुसरं म्हणजे पाणी ६८ फॅरनहाइटच्या वर गेलं की ट्राउटला ऑक्सिजन कमी पडतो, सोडला तरी मरू शकतो, म्हणून थर्मामीटर घेतलाय. मी तर पकडून सोडूनच देतो (बायको म्हणते मग जातोस कशाला 😀). दुपारी थांबायचंच, की वर डोंगरात गार ओढ्यांवर गेलं तर चालतं? शनिवारी परत जायचंय, कुणी जाणकार असेल तर प्लीज सांगा.