सुया संध्याकाळी वेगळ्या करणं चुकीचंच
वर कोणीतरी लिहिलंय की क्लिनिकमधला कचरा संध्याकाळी एकदाच बसून वेगळा केला तरी चालतो. नाही हो, खरा धोका तिथंच आहे. इंजेक्शन दिलं की सुई देणाऱ्यानेच, टोपण परत न लावता, लगेच जाड डब्यात टाकायची आणि डबा पाऊण भरला की बंद करायचा, वरून दाबून अजून चार कोंबायच्या नाहीत. नाहीतर पिशवी उचलताना ती सफाईवाल्या मावशींना टोचते, आणि पेशंटला हिपॅटायटिस बी असेल अन् मावशींनी लस घेतलेली नसेल तर लागण व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, आणि पेशंटला एचआयव्ही असेल तर त्याची साधारण ०.३ टक्के. म्हणून हिपॅटायटिस बीची लस आधी त्यांना द्या, प्लीज. आणि क्लोरिनवालं प्लास्टिक उघड्यावर जाळू नका, डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन तयार होतं.