अंगावर पिणारं बाळ आणि वाढीचा तक्ता : वजन करणाऱ्यांचे अनुभव

सोलापुरात रोज तान्ह्या बाळांची वजनं घेणाऱ्यांना विचारलं होतं : फक्त आईच्या दुधावरच्या बाळाची वाढ तक्त्यावर मांडताना नेमकं काय चुकतं? स्वतःच्या गोष्टी नकोत, कामाचं लिहा.

अंगणवाडी सेविका

निम्मी चूक काट्यावरच होते. टांगायच्या काट्याला आधी रिकामी झोळी अडकवा, मग सुई शून्यावर आणा. शून्य आधी आणि झोळी नंतर केलं, तर झोळीचंही वजन बाळाच्या नावावर चढतं. दुपटं, टोपरं, चांदीचे वाळे सगळं उतरवा. ओलं डायपर १०० ते २०० ग्रॅम सहज भरतं आणि सहाव्या महिन्यात बाळ अख्ख्या महिन्यात जेमतेम ३००-४०० ग्रॅम वाढतं. बाळ लाथा झाडतंय तोवर सुई थरथरत राहते. ती स्थिर होऊ द्या, डोळे सुईच्या पातळीला आणा, मगच आकडा बोला. या काट्यावर १०० ग्रॅमच्या खुणा असतात, त्यामुळे दर आठवड्याचा फरक त्यावर शोधू नये. महिन्यातून एकदा पुरे.

ठिपका देताना पान बघा. माता-बाल संरक्षण कार्डावर मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. मुलीचं वजन मुलाच्या पानावर मांडलं की धडधाकट पोरही कमी दिसते. वय पूर्ण झालेल्या महिन्यांत धरा.

लसीकरणाच्या खोलीतली परिचारिका

बाळंतपण माहेरी, अक्कलकोटला किंवा बार्शीला. सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात लेक सासरी येते आणि काटा बदलतो. दोन काट्यांत २०० ग्रॅमचा फरक असला, तर रेघ विनाकारण खाली वाकते. नव्या काट्यावरचं पहिलं वजन सुरुवात समजा, दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर पुन्हा घ्या आणि मग बोला. लांबी पलंगावर टेप धरून मोजू नका. फळीवर एकानं डोकं टेकवून धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करून तळव्यांना पट्टी लावायची.

बालरोगतज्ज्ञ

पर्सेंटाइलला घरोघरी परीक्षेतले मार्क समजतात. १५ वा पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या १०० निरोगी मुलींपैकी सुमारे १५ जणी हिच्याहून हलक्या, बाकीच्या जड. त्यात नापास कोणी नाही. एका ठिपक्यावरून काहीच ठरत नाही, ठिपके जोडणारी रेघ वाचायची असते.

१५ व्या रेघेवरची मुलगी बघा : जन्मतः २.८ किलो, मग महिन्यागणिक ३.६, ४.५, ५.१, ५.६, ६.१ आणि सहाव्याला ६.४. दुसऱ्या महिन्यात ९०० ग्रॅम वाढ, सहाव्यात ३००. आजी म्हणते, दूध आटलं. पण पोरगी आपल्या रेघेवरून जराही हललेली नाही! वाढीचा वेग या वयात असाच मंदावतो.

तक्ता कोणता, हेही विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानकं सहा देशांतल्या आईचं दूध पिणाऱ्या बाळांवरून ठरली. आपल्याकडची बाळं दक्षिण दिल्लीतली होती. त्याआधीचा १९७७ चा अमेरिकन तक्ता मुख्यतः बाटलीच्या दुधावरच्या बाळांचा. त्यावर अंगावरचं बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून घसरल्यासारखं दिसतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये कुठला तक्ता आहे ते तपासा.

खरी काळजी कुठे? पहिल्या दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन उतरतं. ते दोन आठवड्यांत भरून आलं नाही तर. बाळाची रेघ तक्त्यावर छापलेल्या दोन ठळक रेघा ओलांडून खाली आली तर. किंवा पहिल्या तीन महिन्यांत महिनाभर आडवी राहिली तर, मग ठिपका हिरव्या, म्हणजे योग्य वजनाच्या, पट्ट्यात का असेना. हिरवा रंग पाहून बरेच जण तिथेच थांबतात, हे मला फार खटकतं. दूध ओढताना कपाळाला घाम आणि धाप असेल तर हृदय तपासायलाच हवं. वजन उतरतं आधी, लांबी नंतर, डोक्याचा घेर सगळ्यात शेवटी. म्हणून तिन्ही मांडा.

स्तनपान समुपदेशक

रेघ खरंच वाकली, तर वरच्या दुधाचा डबा उघडण्याआधी पाजणं नीट बघा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गिळल्याचा आवाज ऐकू येतोय का? चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणं आणि रात्रीचं न चुकवणं. पाचव्या दिवसापासून लघवी सहा किंवा जास्त वेळा हवी. नुसती बाटली सुरू केली की बाळ छातीला कमी लागतं आणि जितकं कमी ओढलं जातं तितकं दूध कमी बनतं. वरचं द्यावंच लागलं, तर दूध पिळून काढणंही त्याच दिवसापासून सुरू करा.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळिशीपार जातो आणि घराघरांत चमच्यानं पाणी सुरू होतं. सहा महिन्यांच्या आत ते नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. इवल्याशा पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी, आणि जूनच्या ठिपक्यात ते दिसतं. उन्हाळ्यात जास्त वेळा पाजा. घुटी-मधाचंही तेच.

नवजात अतिदक्षता विभागातली परिचारिका

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मांडा. ३४ आठवड्यांना जन्मलेलं बाळ १४ आठवड्यांचं झालं, तरी ठिपका ८ आठवड्यांवर (चाळिसाला सहा कमी पडले, तेवढे वजा). लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.