कुठल्या तयार वस्तू विकत घेण्यात खरंच अर्थ नाही?

पाटावरवंटा

घरात दोघंच आहोत, दोघंही नोकरी करणारे. महिन्याच्या किराण्यात सध्या या तयार वस्तू येतात: आलं-लसूण पेस्ट, दाण्याचं कूट, मोड आलेली मटकी, इडलीचं ओलं पीठ, चिंचेची पेस्ट, नारळाच्या दुधाचा डबा आणि अधूनमधून गुलाबजामचं पाकीट. यातलं काय बंद करावं? "घरचं ते घरचं" एवढ्यावर काम भागत नाही. चवीत नेमकं काय कमी पडतं आणि का, घरी करायला किती वेळ जातो, किती दिवस टिकतं, असं आकड्यांत सांगितलंत तर ठरवता येईल. मिक्सर आहे, वेट ग्राइंडर नाही. फ्रीज साधारण २०० लिटरचा, फ्रीजरचा कप्पा लहान.

खलबत्ता

पाकीट उलटं करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे पहिले तीन शब्द वाचले की आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं. शिवाय आता पाकिटावर ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं. तो आकडा मूळ वस्तूच्या किलोच्या भावाशी ताडून बघा.

तुमच्या यादीतून मी सगळ्यात आधी दाण्याचं कूट काढेन, पेस्टच्याही आधी. कारण पैशांपेक्षा मोठं आहे. शेंगदाणा अख्खा असतो तोवर खराब दाणा डोळ्यांना दिसतो: सुरकुतलेला, काळा पडलेला, बुरशीचा हिरवट डाग असलेला. असे दाणे वेचून टाकायलाच हवेत, कारण त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पुरतं जात नाही. कुटात काय दळलं गेलंय हे कुणालाच दिसत नाही. दुसरं म्हणजे दाण्यात जवळपास निम्मं तेल. दळल्यावर त्याला सगळीकडून हवा लागते आणि ते खवट होतं. दुकानातलं पाकीट दळून किती आठवडे झाले, यावर सगळं अवलंबून.

घरी: पाव किलो दाणे निवडून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं भाजा. आच मोठी केली तर साल काळं होतं आणि आत दाणा कच्चा राहतो, मग कूट चिकट लागतं. मायक्रोवेव्हमध्ये आधी २ मिनिटं, मग ढवळून एकेक मिनिट दोनदा. पूर्ण गार होऊ द्या, सालं चोळून पाखडा. मिक्सर थांबून थांबून, दोन-दोन सेकंदांचे झटके देत फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं, तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. गरम दाणे घातले तरी तेच. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये महिनाभर नीट राहतं. तेवढाही वेळ नसेल तर दाणे भाजून अख्खेच ठेवा आणि लागतील तसे फिरवा, तेच उत्तम.

आता आलं-लसूण पेस्ट. लसणाची पाकळी चिरडली की तिचा उग्र वास तयार होतो, आधी तो पाकळीत नसतोच. चिरडल्यावर ॲलिसिन बनतं आणि काही तासांतच उतरू लागतं. बाटलीतली पेस्ट टिकावी म्हणून तापवतात, तिच्यात आम्ल (पाकिटावरचा क्रमांक ३३०), मीठ, बरेचदा परिरक्षक (२११) आणि दाटपणासाठी गोंद (४१५) घालतात. आम्लाने आणि उष्णतेने तो वास दबतो, उरतो तो एक शिळा आंबटपणा. फोडणीत घातली की तडतडून अंगावर उडते, कारण त्यात पाणी बरंच असतं. ते पाणी आटेपर्यंत पेस्ट परतली जात नाही, नुसती शिजते. म्हणून घरच्या एका चमच्याच्या जागी दीड-दोन चमचे घालावे लागतात आणि भाजीत मीठ आधीच गेलेलं असतं ते वेगळंच.

घरी: लसूण १०० ग्रॅम (सोललेला), आलं १०० ग्रॅम, मीठ १ छोटा चमचा, तेल १ मोठा चमचा. पाणी अजिबात नाही. आलं उभं न चिरता आडव्या पातळ चकत्या करा, नाहीतर धागे राहतात आणि पात्याला गुंडाळतात. सोलणं धरून २०-२५ मिनिटांचं काम. फ्रीजमध्ये आठवडाभर, त्याहून जास्त ठेवायची तर फ्रीजरमध्ये. तेलातला कच्चा लसूण ओट्यावर ठेवू नका. हवाबंद, आम्ल नसलेल्या जागी बोटुलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात आणि तेव्हा वासावरून काहीच कळत नाही. पेस्ट निळसर-हिरवी झाली तर घाबरू नका, तो लसणातल्या गंधकयुक्त घटकांचा आणि आम्लाचा परिणाम आहे, खायला चालते.

नागकेशर

कुटाबद्दल शंभर टक्के सहमत.

मोड आलेली मटकी विकत घेण्यात तुमचा कुठलाच वेळ वाचत नाही, कारण ते काम पाणी आणि कापड करतं. १०० ग्रॅम मटकीची दुपटीहून थोडी जास्त वजनाची उसळ होते. सकाळी कामावर जाताना भिजत घाला, संध्याकाळी उपसून धुवा, ओल्या फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवा, खाली वाटी. उन्हाळ्यात १० तासांत मोड येतात, थंडीत १८ तासही लागतात. गच्च बांधलं की आत हवा जात नाही, मटकी बुळबुळीत होते, वास मारते. उपसल्यावर पाणी नीट निथळलं नाही तरी तेच. भिजल्यावर न फुगलेले गणंग याच वेळी हाताला लागतात ते काढा, पाकिटातल्या मटकीत ते तसेच राहतात आणि दाताखाली येतात. पाकीट दुकानात ओलं आणि बंद राहतं, त्यामुळे तळाशी पाणी साचलेलं किंवा मोड तपकिरी दिसले तर हात लावू नका. आणि मोड घरचे असोत की बाजारचे, शिजवूनच खा. मोड आणायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते.

इडलीच्या पिठाबाबत मात्र सरसकट नाही म्हणणार नाही. वेट ग्राइंडर नसताना आणि दोघांसाठी महिन्यातून एकदा-दोनदा इडली होत असेल तर विकतचं पीठ घ्या. पण एक किलो पिठात कोरडा माल साधारण ४०० ग्रॅम, बाकी पाणी, हे लक्षात ठेवून किंमत बघा.

विकतचं पीठ बिघडतं ते थंड साखळी, म्हणजे कारखान्यापासून दुकानापर्यंतचा सलग गारवा, तुटल्यामुळे. पीठ जिवंत असतं, पाकिटात आंबतच राहतं. दुकानाचा फ्रीज रात्री बंद केला की सकाळी पाकीट फुगलेलं. असं पीठ आंबट तर होतंच, शिवाय त्यातली साखर जंतूंनी संपवलेली असते, म्हणून डोसा तव्यावर पांढुरकाच राहतो, लाल होत नाही. अर्धा चमचा साखर घातली तर थोडा रंग येतो. इडली चपटी होण्याचं कारण वेगळं: पीठ फ्रीजमधून काढून लगेच, तेही जोरात ढवळून घातलेलं. तास-दीड तास बाहेर ठेवा, वरून हलक्या हाताने डावाने उचलून घाला.

मिक्सरवर करायचं असेल तर इडली तांदूळ किंवा उकडा तांदूळ ३०० ग्रॅम, उडीद ७५ ग्रॅम, अर्धा चमचा मेथी. ५-६ तास वेगवेगळं भिजवा. उडीद फ्रीजच्या गार पाण्याने, थोडं थोडं पाणी घालत वाटा. मिक्सर तापला की उडदाची हवा धरून ठेवायची ताकद जाते, पीठ फुलत नाही. वाटलेल्या उडदाचा थेंब पाण्यात तरंगला पाहिजे. तांदूळ रवाळ ठेवा. ८ ते १२ तास आंबवा. थंडीत आंबत नसेल तर बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

कोरडं "झटपट इडली मिक्स" मात्र घेऊच नका. त्यात आंबवणं नसतंच. रवा, थोडं उडदाचं पीठ, सायट्रिक ॲसिड आणि सोडा. तेच हवं असेल तर घरचा रवा, दही आणि चिमूटभर सोडा पुरे.

आगळ

नारळाच्या दुधाबद्दल: डबा कशासाठी वापरता त्यावर आहे. थाई करी, खीर, उकळणाऱ्या कालवणासाठी ठीक. सोलकढीसाठी नाही. डब्यातलं दूध आधीच खूप तापवलेलं असतं, त्याला शिजलेल्या नारळाचा वास येतो. सोलकढी आपण तापवत नाही, म्हणून तो वास झाकला जात नाही. वर दाटपणासाठी गोंद घातलेला असेल तर कढी जिभेवर चिकटते.

एका मध्यम नारळाचा खव २५० ग्रॅमच्या आसपास. त्यात एक वाटी कोमट पाणी घालून मिक्सर फिरवा, फडक्यातून पिळा, हे दाट दूध. परत एक वाटी पाणी, परत पिळा, हे पातळ. कढत पाणी घालू नका, कढत पाण्याने दूध गार झाल्यावर वर तेल तरंगतं. दोघांच्या सोलकढीला निम्मा नारळ पुरतो, उरलेला खव चपटा करून फ्रीजरमध्ये टाका, दोन महिने चालतो. ओला नारळ मिळतच नसेल तर खवलेल्या गोठवलेल्या नारळाचं पाकीट डब्यापेक्षा चांगलं, परदेशात राहणाऱ्यांनी तर तेच घ्यावं. नारळाच्या दुधाची भुकटी घेणार असाल तर घटक वाचा, बहुतेकांत गाईम्हशीच्या दुधातलं केसिनेट हे प्रथिन असतं. दूध न चालणाऱ्यांनी ती टाळावी.

सोलकढीसाठी कोकमाचं आगळ विकत घ्यायला काहीच हरकत नाही, ते करायला मोसमातली ताजी रातांबी लागतात. फक्त बाटलीवर साखर आहे का ते बघा. साखर असली तर ते सरबत आहे, कढीत चालणार नाही. आगळात मीठ भरपूर असतं, म्हणून कढीत मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

चिंचेची काळी घट्ट पेस्ट बंद करा. ती आटवून आटवून केलेली असते. आंबटपणा उरतो, फळाचा वास जातो आणि आमटी काळपट होते. २०० ग्रॅम चिंच (चिंचोके काढलेली) ४०० मिली कढत पाण्यात अर्धा तास ठेवा, कुस्करून गाळा, एक चमचा मीठ घालून ८-१० मिनिटं उकळा. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दीड महिना. काढताना चमचा कोरडा हवा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात उकळू नका.

पाटावरवंटा

खूपच उपयोगी. कूट आणि मटकी आजपासून घरी. दोन प्रश्न: गुलाबजाम मिक्सचं काय? आणि घ्यावंच असं काही आहे का? गोडा मसाला, भाजणी, गोठवलेले मटार, तळलेला कांदा यांबद्दल गोंधळ आहे.

पळीभर तूप

गुलाबजामचं पाकीट म्हणजे मुख्यतः दूध पावडर आणि मैदा, काहींत तर मैदा पहिल्या क्रमांकावर. घरी: दूध पावडर १०० ग्रॅम, मैदा ३० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, तूप १ मोठा चमचा, दूध ४-५ मोठे चमचे. मळू नका, बोटांनी फक्त गोळा करा आणि १० मिनिटं झाका. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, जाम आत घट्ट राहतो. भेगा पडल्या तर चमचाभर दूध कमी पडलंय. तळताना विरघळला तर बेकिंग पावडर जास्त झाली किंवा पीठ सैल झालं. तूप मंद गरम हवं, गोळी टाकल्यावर तळाशी बसून सावकाश वर यायला हवी. पाक गरम असावा, उकळता नको, नाहीतर जाम आक्रसतात. पाकिटापेक्षा हे पाच मिनिटं जास्त लागतं, तेही मोजण्यात.

कस्टर्ड पावडरही त्याच माळेतली: कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि थोडा व्हॅनिला.

गोडा मसाला घ्या. दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, खोबरं, तीळ, तमालपत्र अशा कितीतरी जिनसा, प्रत्येक वेगळी भाजायची आणि दोघांना लागतो महिन्याला फार तर ५० ग्रॅम. १०० ग्रॅमचं पाकीट घ्या, मोठं नको, त्यात खोबरं आणि तीळ असल्याने तोही खवट होतो. भाजणीचंही तसंच: गिरणीत किलो-दोन किलोपेक्षा कमी दळणं परवडत नाही, मग बचत गटाकडून अर्धा किलो आणलेली बरी. पण घटकांत फक्त धान्यं, डाळी, धणे असावेत. मीठ, सोडा, मसाला घातलेलं "थालीपीठ मिक्स" घेऊ नका.

गोठवलेले मटार नक्की घ्या, विशेषतः उन्हाळ्यात. किलोभर शेंगांतून दाणे निम्म्याच्या आसपासच निघतात, आणि मोसम नसताना तेही पिठूळ. पाकीट हाताने दाबून बघा, दाणे सुटे लागले पाहिजेत. बर्फाचा ढेकूळ झाला असेल तर एकदा वितळून परत गोठलंय. पुलावात थेट घाला, आधी वितळवू नका.

तळलेल्या कांद्याचं पाकीट मी घेणार नाही. स्वस्तातल्या पामतेलात तळलेला, कुरकुरीतपणासाठी पीठ लावलेला असतो. ते पीठ रश्शात सुटतं आणि बिर्याणीचा मसाला लगदा होतो.

शेवग्याची शेंग

कांदा घरी तळायचा तर अर्धा किलो एकदम तळा: एकसारखा पातळ चिरून, मीठ न लावता, भरपूर तेलात मध्यम आचेवर २० मिनिटांच्या आसपास. हवा त्या रंगाच्या एक छटा आधीच काढा, बाहेर काढल्यावरही तो गडद होत राहतो. गार करून डब्यात, फ्रीजरमध्ये महिनाभर.

आलं-लसूण पेस्टबद्दल एक भर. लहान फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे अडकवून ठेवू नका. पेस्ट जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून अर्धा सेंटीमीटर जाडीची सपाट करा आणि सुरीच्या पाठीने चौकोन आखून गोठवा. लागेल तेवढा चौकोन मोडून घेता येतो, आणि पिशवी उभी सरकवली की जागा जवळजवळ लागतच नाही. चौकोन थेट तापलेल्या तेलात टाकू नका, आधी कांदा परतून घ्या आणि त्यावर ठेवा. कोथिंबीर-मिरचीचं वाटणही असंच ठेवता येतं, फक्त त्यात लिंबू गोठवण्याआधी घालू नका, कोथिंबिरीचा हिरवा रंग आम्लाने मातकट होतो.