जर्मनीत जाताना शहर कुठलं: म्युनिकचा पगार की लाइपझिगचं भाडं?

हिशेबनीस
हातात जर्मनीच्या दोन ऑफर असल्या की आपल्याकडे डोळे झाकून मोठ्या आकड्याची घेतली जाते. माझं मत उलट आहे. उदाहरणादाखल आयटीतली म्युनिकची वर्षाला ६८,००० युरोंची ऑफर आणि लाइपझिगची ५८,०००ची धरू. माणूस एकटा, मूल नाही, टॅक्स क्लास १, चर्च टॅक्स नाही. कर आणि सगळे विमे कापून म्युनिकला महिन्याला साधारण ३,४५० हातात येतात, लाइपझिगला ३,०२५च्या आसपास. फरक सव्वाचारशेचा.

आता भाडं. म्युनिकला नव्याने घर घेताना चौरस मीटरला २०-२२ युरो काल्टमिटे, म्हणजे हीटिंग-पाणी-कचरा सोडून नुसतं भाडं. लाइपझिगला ९-१०. साठ मीटरच्या घरात फरक जवळजवळ सातशेचा. म्हणजे पगार दहा हजारांनी जास्त, तरी दर महिन्याला पावणेतीनशेचा खड्डा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. बरेच घरमालक ‘हातात येणारा पगार काल्टमिटेच्या तिप्पट’ हा ठोकताळा लावतात. १,२५०च्या घराला ३,७५० दाखवावे लागतात, ते ६८ हजारवाल्याकडे नाहीत. अर्ज पहिल्याच चाळणीत बाद. त्यात नवीन माणसाची शूफा, म्हणजे तिकडची पतनोंद, कोरी. मग हा माणूस फर्निश्ड घरात अडकतो आणि तिथे भाडं आणखी चढं. नव्या भाड्याला मर्यादा घालणारा कायदा फर्निश्ड घरांनाही लागू आहे, पण फर्निचरचा अधिभार किती हे मालक वेगळं दाखवत नाही, त्यामुळे भांडायचं कशावर?

लाइपझिग घ्या.

मुठेकाठी
गणित बरोबर, निष्कर्ष साफ चूक. तुम्ही पहिल्या नोकरीचं शहर निवडताय. परदेशात शहर निवडायचं ते दुसऱ्या नोकरीसाठी.

पहिली नोकरी गेली तर काय होतं ते बघा. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराच्या परमिटवर, पहिल्या दोन वर्षांत नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. बेकारी भत्त्यासाठी गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विम्याचे हप्ते भरलेले हवेत, म्हणजे आठव्या महिन्यात नोकरी गेली तर तोही नाही. या तीन महिन्यांत इंग्रजीवर चालणाऱ्या कंपन्या शहरात किती, हाच प्रश्न उरतो. म्युनिक-बर्लिनला त्या भरपूर, लाइपझिगला मोजक्या. बाकी ठिकाणी जाहिरातीच्या तळाशी ‘जर्मन सी१’, म्हणजे जवळजवळ अस्खलित जर्मन, लिहिलेलं असतं.

शिवाय ब्लू कार्डाची किमान वार्षिक पगारमर्यादा देशभर एकच आहे: २०२६ साठी ५०,७०० आणि आयटी, अभियांत्रिकी, डॉक्टर अशा टंचाईच्या पेशांना ४५,९३४. स्वस्त शहरातली दुसरी ऑफर या रेषेला घासून येते, कधी खालीही जाते. भाडं स्वस्त म्हणून मर्यादा कमी होत नाही.

हिशेबनीस
नोकरी गेल्यावर माणूस त्याच शहरात शोधतो असं का धरलंत? ब्लू कार्ड शहराला बांधलेलं नसतं. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचं, एवढंच. लाइपझिगच्या माणसाने बर्लिनला अर्ज केला तर गाडीने सव्वा तासाचं अंतर आहे.

मुठेकाठी
एकट्या माणसासाठी ठीक. बिऱ्हाड असेल तर शहर बदलणं म्हणजे काय? भाडेकरूला नोटीस तीन महिन्यांची. नवीन घराला तीन काल्टमिटेपर्यंत डिपॉझिट. ते कायद्याने तीन हप्त्यांत देता येतं आणि पहिला हप्ता ताब्याच्या वेळी, हे लक्षात ठेवा, मालक स्वतःहून सांगत नाही. जुनं डिपॉझिट मात्र हाती यायला कित्येक महिने जातात. आणि घर रिकामं म्हणजे खरंच रिकामं: ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्यांच्या जागी नुसत्या वायरी लोंबताहेत. आधीच्या भाडेकरूचं स्वयंपाकघर विकत घ्या, नाहीतर नवीन बसवून घ्या. परमिटचा अर्ज अर्धवट असेल तर फाइल जुन्या शहराच्या कार्यालयातून नव्याकडे जाते आणि तोवर तुमचं काम रखडतं.

दगडफूल
दोघंही पगार आणि भाड्यातच गुंतलात. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर शहर शाळेवरून ठरतं, कारण शिक्षण हा तिथे राज्याचा विषय आहे आणि राज्याराज्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. चौथीत मे महिन्यात जो दाखला मिळतो, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा (तिकडे १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट). २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. आईबापांच्या इच्छेला इथे किंमत नाही; फार तर तीन दिवसांचा चाचणी वर्ग. तिसरीत जर्मनचा गंध नसलेलं मूल नेलं तर त्याच्या हातात दीड वर्ष असतं.

लाइपझिगच्या सॅक्सनी राज्यातही चौथीच, पण तिथे २०१७ पासून शाळेची शिफारस बंधनकारक नाही, समुपदेशन घेऊन पालक ठरवू शकतात. बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक सहावीपर्यंत, म्हणजे भाषा रुळायला दोन वर्षं जास्त. आठ वर्षांच्या मुलासाठी मी बर्लिन म्हणेन, पगार काहीही असो. धाकटं असेल तर त्याचीही सोय होते: बर्लिनमध्ये किटा, म्हणजे पाळणाघर-बालवाडी, मोफत, जेवणाचे महिन्याला २३ युरो फक्त. पण आधी युगेंडआम्टकडून, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडून, किटा-गुटशाइन (किटाचं कूपन) काढावं लागतं. जागा हवी त्या तारखेच्या नऊ महिने आधीपासून अर्ज करता येतो, दोन महिने राहिले की उशीर झाला समजा.

पिंपळपान
दगडफूल, बव्हेरियाचं चित्र जरा जास्तच काळं रंगवलंय. जर्मन मातृभाषा नसलेलं आणि पहिलीपासून तिथल्या शाळेत नसलेलं मूल ३.३३ सरासरीवरही गिम्नाझियमला जाऊ शकतं, मात्र गुण कमी पडायचं कारण भाषा आहे आणि ती सुधारेल असं शाळेला वाटायला हवं. हा अर्ज पालकांनी वर्गशिक्षकांकडे वेळेत विषय काढला तरच हलतो. शिवाय रेआलशूले म्हणजे दार बंद नाही. तिथून दहावीनंतर एफओएस, म्हणजे तिकडची अकरावी-बारावी, आणि तिथून विद्यापीठ, हा रस्ता बव्हेरियात रुळलेला आहे.

आपल्याकडे ‘गिम्नाझियम नाही म्हणजे मूल वाया’ ही भीती दहावीच्या टक्क्यांवरून आलेली आहे.

दगडफूल
सवलत आहे हे मान्य. पण ती शाळेच्या मतावर अवलंबून आहे आणि मत देणारी बाई मुलाला जेमतेम वर्षभर ओळखते.  त्यापेक्षा जिथे निर्णय माझ्या हातात आहे किंवा भाषेला दोन वर्षं जास्त मिळतात तिथे जाणं जास्त शहाणपणाचं.

नवखा_नागर
मधला रस्ता: नोकरी म्युनिकची, घर ऑग्सबर्गला. प्रादेशिक गाडीने पाऊण तास, भाडं बरंच कमी. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचा पास, २०२६ पासून ६३ युरो महिना, त्यात ही गाडीही चालते आणि म्युनिकची मेट्रोही. वर ८ ऑगस्टला ऑग्सबर्गला शांतता-उत्सवाची सुट्टी असते, देशात दुसऱ्या कुठल्याही शहराला नाही. (ऑफिस म्युनिकमध्ये असेल तर अर्थात उपयोग शून्य!)

मुठेकाठी
ऑग्सबर्गचा सल्ला देताना ऑफिस कुठे आहे ते आधी विचारा. मुख्य स्टेशन किंवा पासिंगजवळ असेल तर उत्तम. गार्चिंगला असेल तर मुख्य स्टेशनवर उतरून यू६ मेट्रोपर्यंत एक बदल, मग वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे दारापासून दारापर्यंत दीड तासाच्या पुढे. उंटरफोरिंगला पासिंगहून एस८ ही उपनगरी गाडी (एस-बान) थेट आहे, पण शहराच्या पोटातून जाणाऱ्या एकाच बोगद्यातून बहुतेक सगळ्या एस-बान धावतात. तिथे एक सिग्नल बिघडला की पूर्व-पश्चिम दोन्ही बाजू ठप्प. दुसरा बोगदा खणणं चालू आहे, पण तो २०३५ च्या आधी होत नाही. आणि डॉइचलांड-तिकीट आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही. उशीर झाला म्हणून समोरच्या पांढऱ्या गाडीत चढलात तर दंड. ते तिकीट वर्गणीचं आहे, रद्द करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत.

पाना-पक्कड
सगळी चर्चा आयटीवाल्यांची चालली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्या तोंडी सध्या त्या राज्याच्या राजधानीचं, स्टुटगार्टचंच नाव आहे. मुंबई-स्टुटगार्ट भगिनी शहरं १९६८ पासूनची, तेव्हा ओळख जुनीच. पण परिचारिकेने राजधानीच्या मोहात पडू नये. तिचा पगार बहुतेक रुग्णालयांत वेतनश्रेणीने ठरतो, श्रेणी स्टुटगार्टला आणि छोट्या गावाला साधारण सारखीच, भाडं मात्र निम्म्यावर येतं. हिशेबनीसांचा मुद्दा आयटीपेक्षा इथे जास्त लागू पडतो. ऑफर घेताना दोन गोष्टी लेखी मागा: पदवीला मान्यता मिळेपर्यंत पगार कुठल्या श्रेणीने आणि रुग्णालयाचं वसतिगृह किती महिने.

वाहनउद्योगातल्या चाकणवाल्यांना मात्र स्टुटगार्ट आत्ता सांगणार नाही. बॉश, झेडएफ सगळीकडे कपात जाहीर झाली आहे आणि एका उद्योगावर उभ्या शहरात सगळे एकाच वेळी नोकरी शोधायला निघतात. ऑडीचं इंगोलश्टाट, फोक्सवॅगनचं वोल्फ्सबुर्ग यांना तर हे दुप्पट लागू.

हिशेबनीस
मुठेकाठी, ‘दुसऱ्या नोकरीसाठी शहर’ हा तुमचा मुद्दा भाषा न शिकणाऱ्यालाच लागू पडतो. ब्लू कार्डावर बी१ (मध्यम पातळीचं जर्मन) असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य, ए१ वर (अगदी प्राथमिक) २७. लाइपझिगला इंग्रजीवर भागत नाही म्हणून माणूस बी१ करतो आणि परमिटची टांगती तलवार सहा महिने आधी उतरते.

मुठेकाठी
करतो की करावं लागेल म्हणून ठरवतो? दिवसभर इंग्रजीत काम करून संध्याकाळी क्लास, आणि जोडीदाराला घरी एकटेपण. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला भाषेची अट न घालता कामाची पूर्ण मुभा मिळते. ती मुभा वापरता येईल अशी कामं कुठल्या शहरात आहेत, हे तुमच्या सातशेच्या गणितात धरलेलंच नाही. दुसरा पगार दीड हजाराचा जरी आला तरी तुमचा खड्डा बुजतो.

पिंपळपान
हिशेबनीस, एक विचारायचं होतं. ३,०२५ मध्ये सॅक्सनीचा जास्तीचा शुश्रूषा विमा धरलात ना? तिथे नोव्हेंबरातली प्रायश्चित्ताची सुट्टी राखली म्हणून कर्मचाऱ्याचा हप्ता अर्ध्या टक्क्याने जास्त आहे.

हिशेबनीस
धरलाय. म्हणूनच ३,०४० नाही, ३,०२५ लिहिलं.

नवखा_नागर
शहर कुठलंही घ्या, पहिलं तात्पुरतं घर बुक करताना ‘पत्ता नोंदवता येईल का’ हे लेखी विचारा. नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, हॉटेल किंवा सुट्टीच्या फ्लॅटवाले तो सहसा देत नाहीत. नोंदणी नाही तर कर-क्रमांक नाही, कर-क्रमांक नाही तर पगार टॅक्स क्लास ६ ने, म्हणजे सगळ्यात जास्त कराने, कापून येऊ शकतो. तो क्रमांक टपालानेच येतो, म्हणून टपालपेटीवर स्वतःच्या आडनावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.