रियाजात विद्यार्थ्याला मध्येच थांबवावे का? पक्ष्यांच्या मेंदूवरील नवे संशोधन आणि ग्वाल्हेरची तालीम

लष्करकर

गेली २२ वर्षे मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरच्या घरी मुलांना ख्याल शिकवतो आहे आणि या सगळ्या काळात माझी एक सवय मोडलेली नाही. स्वर कणसूर लागला की मांडीवर चापट मारायची आणि मुलाला तिथेच थांबवायचे. माझ्या गुरुजींनी मला असेच शिकवले आणि त्यांच्या गुरुजींनी त्यांना. ही सवय चुकीची असावी असे आता मला वाटू लागले आहे, आणि त्याला कारण झाला आहे चिमणीहूनही लहान असलेला एक पक्षी.

झेब्रा फिंच या पक्ष्याचा नर बहुधा बापाचे गाणे ऐकून गायला शिकतो. आधी तो नुसते ऐकतो, मग तान्ह्या मुलाच्या बोबड्या बोलांसारखे काहीबाही गुणगुणू लागतो आणि सुमारे ९० दिवसांचा होईपर्यंत हजारो वेळा घोटून एक पक्के गाणे गळ्यावर चढवतो. अशी पिल्ले एकटी सराव करत असताना त्यांच्या मेंदूतील बेसल गँग्लिया या खोलवरच्या भागात डोपामिन हे शिकण्याशी निगडित रसायन कसे वरखाली होते, हे ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी मोजले. मार्च २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, त्या वयात जेवढे जमायला हवे त्याहून गाणे सरस उतरले तर डोपामिन वाढते आणि उणे उतरले तर घटते. तिथे दाणा टाकणारा कोणी नसतो, शाबासकी देणाराही नसतो. पिल्लाची तुलना बापाशी होत नाही, स्वतःच्या कालपरवाच्या गाण्याशी होते.

याला जोडून एक जुना प्रयोग सांगतो. पक्ष्याच्या मेंदूत ‘एलमॅन’ नावाचा एक पेशीसमूह आहे. २००५ मध्ये एमआयटीतील मायकेल फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तात्पुरता बंद पाडला, तेव्हा पिल्लाचे वेडेवाकडे, दर खेपेस बदलणारे गाणे एकाएकी साचेबद्ध झाले. म्हणजे शिकाऊ गळ्याची भटकंती हा निव्वळ कच्चेपणा नव्हे, ती घडवून आणणारी स्वतंत्र यंत्रणाच मेंदूत आहे.

मुलगा गंधारापाशी चाचपडत असताना मी चापट मारतो, तेव्हा त्याच्या मेंदूने स्वतःचा हिशोब मांडण्याआधीच मी वही ओढून घेतो. म्हणून पुढच्या महिन्यापासून पहिली २० मिनिटे मुलाने तानपुऱ्यावर एकट्याने गावे आणि मी आतल्या खोलीत बसावे, असा माझा विचार आहे. यावर विरोधी मते हवी आहेत.

जिवाजीगंजची आत्या

विरोधी मत हवे आहे, तर घ्या. तुम्ही सांगितलेल्या पक्ष्याच्या गोष्टीतला अर्धा भाग तुम्ही एका वाक्यात उरकलात, आणि माझ्या मते सगळे मर्म त्याच अर्ध्यात आहे. ते पिल्लू तोंड उघडण्याआधी ऐकते. त्याच्या मेंदूत गाण्याचा नमुना आधी ठसतो आणि नंतरचा सगळा सराव त्या नमुन्यावर पारखला जातो. ज्या पिल्लाला गाणारा मोठा नर कधी भेटलाच नाही, ते एकटे वाढून वाट्टेल तितका सराव करते, तरी त्याचे गाणे विद्रूपच राहते. आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या कानांत कोणता नमुना ठसलेला असतो, हे तुम्हाला माहीत आहे. दिवसभर मोबाईलवर जे वाजते, तो.

एक उदाहरण देते. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच आहेत: सा, रे, ग, प, ध. भूपाचा जीव गंधारात आहे आणि देशकाराचा धैवतात. माझी एक विद्यार्थिनी भूप गाताना धैवतावर अशी रेंगाळत असे की भूपाचा देशकार होई. तिच्या फोनवरचे सूर मोजणारे ॲप मात्र प्रत्येक स्वराला हिरवा दिवा दाखवत होते, कारण स्वर खरोखरच सुरात होते. तिला स्वतःला काही खटकत नव्हते, उलट आज गळा छान लागला म्हणून ती खुशीत असायची. तुमचे ते डोपामिन तिला नेमक्या चुकीच्या जागी शाबासकी देत होते! अशा मुलीला २० मिनिटे एकटी सोडली, तर ती देशकार पक्का करून बाहेर येईल.

आणि ड्यूकचेच संशोधन मानायचे असेल, तर त्यांचा २०१८ चा अभ्यासही माना. शिकवणारा पक्षी प्रत्यक्ष समोर गात असतो, तेव्हा पिल्लाच्या मध्यमेंदूतील काही डोपामिन-पेशी चेततात. तेच गाणे स्पीकरमधून ऐकवले, तर चेतत नाहीत. त्या पेशींकडून गाण्याच्या केंद्राकडे जाणारा संदेश तालमीच्या वेळी रोखला, तर पिल्लाला ते गाणे उचलता येत नाही. गुरूने समोर बसावे, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा? आणि तुम्ही निघालात आतल्या खोलीत बसायला.

एक पालक, कंपू (ग्वाल्हेर)

आमच्या मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि अजून तीन राग बाकी आहेत. तिच्या मेंदूला त्याचा हिशोब मांडू द्यायला आमच्यापाशी वेळ नाही. कृपया थांबवा, चूक सांगा आणि पुढे चला.

मुरारकर

मी जीवशास्त्र शिकवतो. गाण्यातले मला फारसे कळत नाही, त्यामुळे राग-रागिण्यांवर बोलणार नाही. पण दोन्ही बाजू पक्ष्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचे वदवून घेत आहेत असे दिसते. झेब्रा फिंच आयुष्यात एकच गाणे शिकतो, तेही सेकंदभराचे, आणि ते एकदा पक्के झाले की त्यात सहसा बदल होत नाही. रोज नव्याने बढत, म्हणजे रागाचा विस्तार, करायची असलेल्या ख्यालाला हा नमुना कितपत लागू पडतो, याची मला शंका आहे. माणसाच्या मेंदूतही बेसल गँग्लियाचे चेतामार्ग आहेत आणि सवयी व कौशल्ये घडवण्यात त्यांचा वाटा आहे, इतके साम्य मान्य. पण गाणाऱ्या मुलाच्या डोक्यात तंतू घालून कोणी डोपामिन मोजलेले नाही.

तरी थांबवण्याच्या मुद्द्याशी अगदी थेट संबंध असलेला एक प्रयोग आहे. २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील जेसी गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, पक्षी गात असताना त्याच्या एका ठरावीक स्वरावर मधूनमधून दुसराच आवाज मिसळला गेला. पक्ष्याची काही चूक नव्हती, पण त्याच्या कानांना ती चूक वाटली आणि डोपामिन-पेशींची हालचाल तत्क्षणी मंदावली. ज्या खेपेला तो आवाज यायचा अंदाज होता पण आला नाही, त्या खेपेला ती वाढली. म्हणजे हा निकाल सेकंदाच्या एका अंशात लागतो. यातून मला प्रश्न पडतो तो चापटीचा नव्हे, पेटीचा. मूल गात असताना शिक्षक त्याच्याबरोबर मोठ्याने पेटी वाजवत राहतात, तेव्हा त्या मुलाला स्वतःचा आवाज ऐकू तरी येतो का?

लष्करकर

पेटीचा मुद्दा मला लागला, कारण मीही वाजवतो. नवशिक्याला आधार म्हणून वाजवतो असे मी स्वतःला सांगत आलो आहे, पण त्या आधाराखाली त्याचा कणसूर झाकला जातो, हे खरे आहे.

आत्या, नमुना आधी हवा, हे मी मान्य करतो. ते मी फार घाईत लिहिले होते. भूप-देशकाराचे उदाहरणही निरुत्तर करणारे आहे. पण ती मुलगी धैवतावर रेंगाळली, तेव्हा तुम्ही तिला तिथल्या तिथे थांबवून ती सुधारली का? माझा अनुभव असा आहे की, थांबवलेले मूल ती एक जागा दुरुस्त करते आणि पुढच्या आवर्तनात माझ्या हाताकडे बघत गाते. कॉर्नेलच्याच प्रयोगशाळेचे २०२३ चे संशोधन असे सांगते की, मादीसमोर गाताना पक्ष्याच्या मेंदूतील स्वतःच्या चुकांचा तो संकेत मंदावतो आणि त्याच पेशी मादीच्या प्रतिसादाला दाद देऊ लागतात. मुलगा माझ्या हाताकडे बघत गातो, तेव्हा तो रियाज करत नसतो, मैफल करत असतो.

आपल्या ग्वाल्हेरचीच आख्यायिका घ्या. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ गात असत आणि पुढे ग्वाल्हेर घराण्याचे मोठे गायक झालेले हद्दू खाँ व हस्सू खाँ लपून ऐकून त्यांच्या ताना उचलत. त्यांना तिथे थांबवायला कोण होते?

जिवाजीगंजची आत्या

ही आख्यायिका तुमच्या विरुद्ध जाते. ती दोन्ही मुले ख्यालगायक नत्थन पीरबख्शांच्या घरात वाढलेली होती. पडद्याआड बसण्यापूर्वीच त्यांचे कान आणि गळे तयार झालेले होते. तयार कानाला आतल्या खोलीची मुभा द्या, कच्च्या कानाला देऊ नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

भूपवाल्या मुलीचे खरे सांगायचे, तर थांबवून ती सुधारली नाही. दोन महिने थांबवत होते. शेवटी मी तिचे गाणे बंद केले आणि आठवडाभर तिला समोर बसवून रोज भूप ऐकवला. एके दिवशी ऐकता ऐकता तीच म्हणाली की, माझा धैवत जास्त होतो.

मुरारकर

आत्या, तुमच्या या आठवड्याच्या संदर्भात आणखी एक निरीक्षण आहे. २००५ मध्ये ‘नेचर’मध्येच आलेल्या अभ्यासानुसार, पिल्लांचे गाणे रात्रीच्या झोपेनंतर सकाळी आदल्या दिवसापेक्षा बिघडलेले असते आणि दिवसभराच्या सरावाने पुन्हा सावरते. ज्यांचे सकाळी अधिक बिघडत असे, त्यांची नक्कल अखेरीस मूळ गाण्याच्या अधिक जवळ गेली.

जिवाजीगंजची आत्या

पहाटे खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर, लावताना माझा स्वर हलायचा आणि त्यासाठी मी लहानपणी फार बोलणी खाल्ली आहेत. हे तेव्हा कोणी आमच्या घरी सांगायला हवे होते!

लष्करकर, पहिली २० मिनिटे तुम्ही गा, मुलांनी ऐकावे. पुढची २० त्यांची. आतल्या खोलीत खुशाल बसा, पण दार उघडे ठेवा.

लष्करकर

दार उघडे ठेवीन. पेटी या महिन्यापुरती कपाटात राहील. परीक्षेच्या मुलांना मात्र हे लागू करणार नाही, त्यामुळे कंपूच्या पालकांनी काळजी करू नये.